झोपेत श्वास अडतो, आणि फॉर्मवर उत्तर येतं ‘नाही’

अठ्ठेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ समजा. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. हर्नियाच्या ऑपरेशनआधी भूल देणारे डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, असेल का हे चाचपायला आठ प्रश्नांचा कागद त्याच्यापुढे ठेवतात. मोठ्यानं घोरता का? हो. दिवसा थकल्यासारखं, झोपाळल्यासारखं वाटतं का? नाही. झोपेत तुमचा श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय का? नाही. रक्तदाबाचा त्रास? नाही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३५ च्या वर? नाही, २८.६ भरतो. वय ५० च्या वर? नाही. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त? टेप लावून पाहिली, साडेएकोणचाळीस. म्हणजे नाही. पुरुष? हो. बेरीज दोन. कागदाच्या हिशेबानं धोका कमी.

आता त्या सहा ‘नाहीं’कडे जरा नीट बघू. याची बायको दोन वर्षांपासून मुलांच्या खोलीत झोपते, कारण याच्या घोरण्यानं तिचा डोळा लागत नाही. म्हणजे श्वास थांबतो का हे बघायला तिथं कुणी नसतंच. रक्तदाब त्यानं कधी मोजून घेतलेला नाही. थकव्याचं म्हणाल तर पहाटे उठून लोकल पकडायची आणि रात्री नऊला घरी यायचं, एवढं करणारा माणूस थकणारच, त्यात सांगायचं काय, असं त्याला वाटतं. सहापैकी दोन ‘नाही’ म्हणजे ‘माहीत नाही’, एक म्हणजे ‘त्यात काय विशेष’, आणि बीएमआयचं ‘नाही’ तर दुसऱ्याच देशातल्या शरीरांच्या मापानं आलेलं.

स्लीप ॲप्नियाच्या प्रश्नावल्या आशियातल्या लोकांसाठी नव्यानं बेतायच्या म्हणजे काय करायचं, हा प्रश्न मला इथून सुरू होतो असं वाटतं. इंग्रजी प्रश्नांचं मराठी केलं, हिंदी केलं, थाई केलं की काम झालं असा समज असतो. भाषांतर हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे प्रत्येक ‘नाही’ खरोखर ‘नाही’च आहे याची खात्री करणं.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. झोप लागली की शरीराचे स्नायू सैलावतात, तसे घशाचेही. घशाचा हा भाग मऊ नळीसारखा असतो, त्याला हाडाचा आधार नसतो. आपण श्वास आत ओढतो तेव्हा त्या नळीच्या भिंती आत खेचल्या जातात. नळी मुळात अरुंद असेल, भोवती चरबी असेल किंवा जीभ मागं पडली असेल, तर ती अर्धवट मिटते. मग हवा थरथरत जाते, त्याला आपण घोरणं म्हणतो. पूर्ण मिटली तर श्वास थांबतो. छाती-पोट हलत असतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, धपापत श्वास सुरू होतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. असा अडथळा किमान दहा सेकंद टिकला तर तो मोजतात. तासाला पाच ते पंधरा वेळा असं झालं तर आजार सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, त्याच्या वर तीव्र. रात्रभर चालणारी ही ओढाताण रक्तदाब वाढवते, हृदयावर ताण आणते आणि दिवसा गाडी चालवताना डोळा लागण्याचं कारण होते.

पक्कं निदान स्लीप स्टडीनं होतं. रात्रभर डोक्याला, छातीला, बोटाला तारा आणि सेन्सर लावून झोपायचं. त्याला खर्च येतो, तंत्रज्ञ लागतो, आणि बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी ही सोय नाही. म्हणून कोणाला पुढं पाठवायचं हे ठरवायला आधी एक चाळणी लागते. प्रश्नावली म्हणजे ती चाळणी.

वर त्या गृहस्थानं भरली ती ‘स्टॉप-बँग’. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ऑपरेशनआधीच्या रुग्णांसाठी तयार केली, २००८ साली ती प्रसिद्ध झाली. भूल आणि तीव्र वेदनाशामकं घसा आणखी सैल करतात, त्यामुळे न ओळखलेला ॲप्निया ऑपरेशनच्या रात्री जिवावर बेतू शकतो. आठ प्रश्न, दर ‘हो’ला एक गुण, तीनपासून पुढे धोका. एका मिनिटात भरून होते, म्हणून जगभर गेली. तिच्याआधीची ‘बर्लिन’ प्रश्नावली १९९९ मधली. तिसरी ‘एपवर्थ’ मोजपट्टी मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली मांडली. ती श्वासाबद्दल काहीच विचारत नाही. आठ प्रसंगांत तुम्हाला डुलकी लागण्याची शक्यता किती, एवढंच विचारते. प्रत्येकी शून्य ते तीन, एकूण चोवीसपैकी दहाच्या वर गेलात तर दिवसाची झोप जास्त.

तिन्ही साधनं उत्तम आहेत, हे मी मनापासून म्हणतो. पण प्रत्येकीतले आकडे आणि प्रसंग ज्या लोकांना समोर ठेवून ठरले, ते लोक कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियातले होते.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा बीएमआय ३५ व्हायला त्याचं वजन ९५ किलोच्या वर जावं लागतं. आपल्याकडच्या ओपीडीत बसून पाहा, या उंचीची ९५ किलोची माणसं किती दिसतात? आणि घोरणारी, दुपारी टेबलावर मान टाकणारी किती दिसतात? बहुतेक भारतीयांसाठी तो प्रश्न कागदावर असून नसल्यासारखा. आठ प्रश्नांची प्रश्नावली सातचीच उरते, आणि पास होण्याची अट मात्र तीच राहते.

यामागचं कारण पुण्यातून आलेल्या एका छायाचित्रात फार स्वच्छ दिसतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा शेजारी उभं राहिलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तराजूला दोघं सारखेच, आतून मात्र वेगळे. हा फोटो मधुमेहाच्या संदर्भात प्रसिद्ध झाला, पण घशाच्या बाबतीतही तो तितकाच लागू पडतो. श्वासाच्या नळीला वजनकाट्याशी देणंघेणं नसतं. तिला त्रास होतो तो मानेभोवतीच्या, जिभेतल्या आणि पोटातल्या चरबीचा. पोट सुटलं की आडवं झाल्यावर छातीचा पडदा वर ढकलला जातो, फुप्फुसं आखडतात, आणि घशाच्या नळीला खालून मिळणारा ताण सुटतो. हातापायांनी किडकिडीत आणि पोटानं गोल, असा जो देह आपण रोज पाहतो, तो बीएमआयच्या नजरेतून निसटतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच आशियाई लोकांसाठी बीएमआयचे २३ आणि २७.५ हे टप्पे सुचवले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ च्या सहमतीत आणखी खाली येऊन २५ पासूनच लठ्ठपणा मानला, शिवाय पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ठेवली.

चीन, जपान, कोरियाकडे गेलं की कारण थोडं बदलतं. तिथं चरबीइतकंच हाड महत्त्वाचं ठरतं. कवटीचा पाया आखूड, खालचा जबडा किंचित मागं, त्यामुळे जिभेला आत जागा कमी. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या आणि हाँगकाँगमधल्या चिनी रुग्णांची तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली. आजाराची तीव्रता सारखी धरली, तर चिनी रुग्णांमध्ये जबड्याच्या हाडांची अडचण जास्त दिसली आणि गोऱ्यांमध्ये लठ्ठपणा जास्त. मला हे चित्र नेहमी लहान डब्यासारखं वाटतं. डबा लहान असेल तर थोडी चरबीही जास्त होते, डबा मोठा असेल तर भरपूर मावते. हनुवटी मागं असलेला सडपातळ तरुण स्टॉप-बँगमध्ये जेमतेम दोन गुणांवर येतो, कारण जबड्याबद्दल तिथं एकही प्रश्न नाही.

म्हणून ‘आशियाई’ हा एकच गठ्ठा करणं मला पटत नाही. क्वालालंपूरच्या एकाच दवाखान्यात मलय, चिनी आणि तमिळ रुग्ण शेजारी बसलेले असतात, आणि तिघांच्या घशाची गोष्ट वेगवेगळी असू शकते. सिंगापूर, थायलंड, चीन, भारत इथं बीएमआयच्या रेघेसाठी २५, २७.५, ३० असे वेगवेगळे आकडे तपासले गेले ते याच कारणानं. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. सुरेंद्र शर्मा यांच्या गटानं बर्लिन प्रश्नावली भारतीयांसाठी बदलून स्लीप स्टडीशी ताडून पाहिली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत लठ्ठपणाची रेघ ३० वरून २५ वर आणली होती.

आजार आपल्याकडे कमी आहे, अशी एक समजूत पूर्वी होती. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडला. झोपेतल्या श्वासाचे अडथळे १९.५ टक्के जणांत, आणि अडथळ्यांबरोबर दिवसाची झोपही असलेले ७.५ टक्के. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या गाजलेल्या १९९३ च्या अभ्यासात पुरुषांसाठी दुसरा आकडा ४ टक्के होता. दोन्हीकडच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे थेट वजाबाकी करू नये. पण हा लठ्ठ गोऱ्या लोकांचा आजार, हे म्हणणं त्यानंतर टिकत नाही.

आता शब्दांकडे. स्टॉप-बँगमधलं घोरणं ‘मोठ्यानं’ म्हणजे किती मोठ्यानं? मूळ प्रश्नात माप दिलंय: बोलण्यापेक्षा मोठं, किंवा बंद दारातून ऐकू येईल इतकं. दहा बाय बाराच्या खोलीत सगळं घर झोपत असेल तर हे बंद दार आणायचं कुठून? तिथं विचारावं लागतं, तुमच्या घोरण्यानं शेजारचं कुणी जागं होतं का, तुम्हाला हलवून कुशीवर वळायला सांगतात का.

थकव्याच्या प्रश्नात तर इंग्रजीत तीन शब्द एकत्र बांधलेत, दमणं, गळून जाणं आणि झोप येणं. मराठीत आपल्याकडे या प्रांतात शब्दांची श्रीमंती आहे. शीण, थकवा, सुस्ती, झापड, पेंग, डुलकी, डोळा लागणं. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. ‘थकवा येतो का?’ असं विचारलंत तर रक्त कमी असलेली, थायरॉइड असलेली, दिवसभर राबणारी प्रत्येक बाई हो म्हणेल. ‘पेंग येते का?’ एवढंच विचारलंत तर जी ‘सकाळी उठल्यावरच अंग गळून गेलेलं असतं’ असं सांगते ती निसटेल, आणि बायकांमध्ये हा आजार पुष्कळदा अशाच रूपात येतो. निद्रानाश, सकाळची डोकेदुखी, उदास वाटणं. चांगला अनुवाद दोन्ही विचारतो आणि ‘सकाळी झोप झाल्यासारखी वाटते का’ हेही विचारतो.

एपवर्थच्या आठ प्रसंगांत तीन गाडीशी किंवा सभागृहाशी बांधलेले आहेत: तासभर मोटारीत प्रवासी म्हणून, सिग्नलला मोटार थांबलेली असताना, नाटकाला किंवा सभेत बसलेलं असताना. मूळ सूचना सांगते की प्रसंग घडला नसेल तर कल्पना करा. पण ‘समजा तुम्ही मोटारीत बसलात’ म्हटलं की ‘आमच्याकडे मोटार नाही’ हे उत्तर येतं, आणि शून्यावर खूण होते. तिथं एसटीचा तासाभराचा प्रवास किंवा लोकलची खिडकी जास्त खरी. कीर्तनाला बसल्यावर, सत्यनारायणाची कथा ऐकताना डोळा लागतो का, हेही. दुपारच्या जेवणाच्या प्रश्नात ‘मद्य न घेता’ अशी अट आहे. आजीला हे वाचून दाखवणाऱ्या परिचारिकेची अडचण तुम्ही समजू शकता. आणि दुपारी संधी मिळाल्यास पडल्यावर झोप लागते का, या प्रश्नाला वामकुक्षीच्या मुलखात तीन गुण देणारा माणूस आजारीच असेल असं नाही. हिंदीत बदल केलेली एपवर्थ उत्तर भारतातल्या लोकांवर तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा असाच विचार करावा लागला.

काही ‘नाही’ भीतीचे असतात. पोटापाण्यासाठी ट्रक चालवणाऱ्याला ‘चाकावर डोळा लागतो का’ विचारलं तर तो काय सांगेल? परवाना आणि नोकरी दोन्ही त्या एका शब्दाला टांगलेली. असा कागद मालकासमोर भरून घेणं म्हणजे खोटं उत्तर मागून घेणं.

आणि काही ‘नाही’ लाजेचे. छपन्न वर्षांची बाई, १५२ सेंटिमीटर, ६६ किलो, बीपीची गोळी चालू. वयाचा एक गुण, रक्तदाबाचा एक. पुरुष असल्याचा गुण तिला नाहीच, म्हणजे शर्यतीत ती एक पाऊल मागूनच निघते. पाळी गेल्यानंतर बायकांचा धोका चांगलाच वाढतो, त्याची दखल हा कागद वयापलीकडे घेत नाही. घोरता का? मुलगा आणि सून शेजारी उभे. ‘छे, मी कुठली घोरते!’ बेरीज दोन. हाच प्रश्न एकटीला, बाईनं, ‘झोपेत घुसमटून जाग येते का? उशी उंच लागते का?’ असा वळवून विचारला तर उत्तर वेगळं येऊ शकतं. घोरण्याचा गुण मिळाला तर तीन, बीएमआयची रेघ २७.५ वर आणली तर चार.

गळ्याच्या घेराचंही तसंच. स्टॉप-बँगच्या नंतरच्या आवृत्तीत तो पुरुषांना १७ इंच आणि बायकांना १६ इंच केला, तेही शर्टाच्या कॉलरच्या मापानं. आपल्याकडच्या बहुतेक बायकांनी कॉलर आयुष्यात मोजलेली नसते. पुरुषांची तयार शर्टाची कॉलर सैल असते. शिंप्याची टेप आणि दोन मिनिटं, एवढ्यात काम होतं. बाईनं मंगळसूत्र बाजूला करावं, पुरुषानं मान सरळ ठेवावी, कंठमण्याच्या पातळीवर टेप फिरवावी, आवळू नये.

एवढे बदल करून झाले की खरं कष्टाचं काम सुरू होतं. दोन जण स्वतंत्रपणे भाषांतर करतात, मग दोन्ही जुळवून एक मसुदा होतो, मूळ न पाहिलेला तिसरा माणूस तो परत इंग्रजीत नेतो, आणि अर्थ कुठं सुटला ते दिसतं. मग पंधरा-वीस साध्या माणसांसमोर तो वाचून ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ असं विचारतात. आणि शेवटी शेकडो लोकांकडून प्रश्नावली भरून घेऊन त्या सगळ्यांची स्लीप स्टडी करतात. ही शेवटची पायरी बरेचदा झोपेच्या दवाखान्यात आधीच आलेल्या रुग्णांवर होते. ते घोरतात म्हणूनच तिथं आलेले असतात, त्यामुळे चाळणी तिथं छान चालते. तीच गावातल्या आरोग्य शिबिरात नेली की निकाल बदलतो. कुठलीही बदललेली प्रश्नावली वापरण्याआधी ‘ही कुणावर तपासली?’ हे विचारलंच पाहिजे.

मग सगळे आकडे सरळ खाली का आणू नयेत? इथं हिशेब आड येतो. समजण्यासाठी मनातले आकडे घेऊ. हजार लोक, त्यांत शंभरांना उपचाराची गरज असलेला ॲप्निया. कडक चाळणी त्यातल्या साठांना पकडते, आणि निरोगी नऊशेंपैकी नव्वदांना उगाच. दीडशे जणांची स्लीप स्टडी करायची, चाळीस रुग्ण सुटले. सैल चाळणी नव्वद रुग्ण पकडते, पण निरोगी तीनशे साठांनाही. आता साडेचारशे स्टडी लागणार, सुटले फक्त दहा. कोणती चांगली? ऑपरेशन थिएटरच्या दारात मी सैल चाळणी निवडेन, कारण तिथं संशय आला तरी काळजी वाढवणं स्वस्त असतं: रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर, वेदनाशामकांची मात्रा जपून. जिथं एकच स्लीप लॅब आणि सहा महिन्यांची रांग आहे, तिथं सैल चाळणीनं रांगेत निरोगी माणसं भरतात आणि तीव्र आजाराचा रुग्ण मागं राहतो. त्यामुळे एकच आकडा सगळीकडे लावण्यापेक्षा दोन पायऱ्या बऱ्या. आधी सैल प्रश्नावली, मग तिच्यात अडकलेल्यांना घरी एक रात्र बोटाचा सेन्सर, आणि त्यातून उरलेल्यांना पूर्ण स्टडी.

सुरुवातीच्या गृहस्थाकडे परत जाऊ. नर्सनं रक्तदाब मोजला, १५० वर ९५. दोनदा मोजला, तेवढाच. एक गुण. बीएमआयची रेघ २७.५ धरली, आणखी एक. बेरीज चार, आणि बायकोला अजून कुणी विचारलेलंच नाही.

तुमच्यासमोर किंवा घरातल्या कुणासमोर हा कागद आला तर उंची-वजन मोजून बीएमआयचा आकडा चौकटीशेजारी पेननं लिहा, मग ३५ च्या खाली असला तरी डॉक्टरांच्या नजरेला पडेल. रक्तदाब माहीत नसेल तर ‘नाही’वर खूण न करता तिथंच मोजून मागा. शेजारी झोपणाऱ्याला सोबत न्या. एकटे झोपत असाल तर एका रात्री उशाशी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि ते डॉक्टरांना ऐकवा. जिथं उत्तर खरंच ठाऊक नाही, तिथं चौकट मोकळी सोडून बाजूला ‘माहीत नाही’ असं लिहा.